हौदाकडे फेकलेला घास

रोज सकाळी संध्येला बसून आचमनासाठी उजवा तळवा पुढे केला की मनगटाच्या आतल्या बाजूला दातांची एक अर्धगोल खूण दिसते. वयोमानाने कातडी सैल झाली, तशी ती खूणही थोडी पसरली; तरी दात अजून मोजता येतात. सहा आहेत. नातवंडे लहान असताना विचारायची, "आजोबा, कुत्रं चावलं?" मी सांगत असे, नाही, माणूस चावला, आणि चूक माझी होती. त्यांना उत्तराचा पहिला भाग आवडे. दुसऱ्याकडे त्यांचे लक्ष नसे. हा लेख त्या दुसऱ्या भागाविषयी आहे.

माझे शिक्षण पाठशाळेतले. जुन्नरच्या एका विद्यालयात पुष्कळ वर्षे संस्कृत शिकवले आणि नव्वदच्या दशकात, निवृत्तीला थोडा अवकाश असतानाच, पिंपळवंडीजवळ उसाच्या शेतांत उभ्या राहिलेल्या एका निवासी कार्यशाळेचा अधीक्षक झालो. ज्यांच्या बुद्धीची वाढ पुरी झाली नाही असे पंचवीस-तीस प्रौढ पुरुष तेथे राहत. सरकारी कागदांत त्यांना 'मतिमंद' म्हणत. आम्ही 'मुले' म्हणत असू, मग एखाद्याच्या मिशीत पांढरे केस का असेनात. दोन्ही शब्द आज मला बोचतात. ते पत्रावळी लावत, खडू पाडत, भाजीच्या वाफ्यांना पाणी देत. बहुतेक सगळे शांत स्वभावाचे असत. पण चार-पाच जण नेहमी असे असत की घरच्यांनी त्यांच्यापुढे हात टेकलेले असत. कोणी कपाळ भिंतीवर आपटून घेई, कोणी कपडे फाडी, कोणी चावे. आमची खरी परीक्षा या चार-पाच जणांपाशी होती.

पुण्याहून आलेल्या आमच्या विशेष शिक्षिका नलिनीताई त्याला 'आव्हानात्मक वर्तन' म्हणत. बोरी बुद्रुकहून रोज जीपने येऊन स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कोंडाबाई म्हणत, "आज पोराचं टकुरं फिरलंया." नलिनीताईंनी आम्हा सर्वांना पहिला धडा दिला तो असा, की टकुरे कधी आपोआप फिरत नाही. ज्याला शब्द नाहीत तो हाताने आणि दाताने सांगतो. तो काय सांगतो आहे हे शोधून काढणे, आणि तेच त्याला दुसऱ्या बऱ्या रीतीने सांगता यावे अशी सोय करणे, एवढेच आपले काम. त्यासाठी एक नोंदवही असे. तिचे रकाने तीन. आधी काय झाले, मग त्याने काय केले, त्यावर आपण काय केले. ज्याने पाहिले त्याने त्याच दिवशी लिहायचे. लिहिता येत नसेल त्याने दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचे. डोळ्यांनी पाहिलेलेच लिहायचे, मनात आलेले लिहायचे नाही. ऐकायला हे सोपे वाटते. एक आठवडा करून पाहावे.

दुसरी एक रीत मी घालून दिली. दर शनिवारी दुपारी आम्ही सगळे जेवणघरात सतरंजी टाकून बसत असू आणि नोंदवही वाचत असू. पाठशाळेत आमचे गुरुजी एखाद्या कठीण स्थळाचा अर्थ विचारताना सर्वांत धाकट्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करीत. मोठा आधी बोलला की धाकटा आपले डोळे मिटून त्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो, असे त्यांचे म्हणणे. आमच्या बैठकीतही तोच क्रम ठेवला. हुद्द्याने सर्वांत खालच्याने प्रथम बोलायचे, अधीक्षकाने सर्वांत शेवटी. पहिल्या शनिवारी कोंडाबाईंनी पदर तोंडाला लावला. "माझं मत घिऊन तुमी काय भाजीला फोडणी देणार हाय का, गुरुजी?" मी म्हटले, लागली तर देईन.

ती फोडणी फार लवकर लागली. मंचरच्या पेठेत कापडाचे दुकान असलेले एक जैन गृहस्थ आमच्या समितीचे अध्यक्ष होते. त्यांचे घराणे राजस्थानातून येथे येऊन दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या आणि बोलणे आमच्याइतकेच मराठी होते. आम्ही त्यांना शेठजी म्हणत असू. त्यांचा मुलगा पारस तिशीचा, अतिशय नीटनेटका, मोजून चार-पाच शब्द बोलणारा. चपलांचे जोड ओळीने लावल्याशिवाय तो दिवसाचे दुसरे काही करीत नसे. असा हा शांत माणूस दिवाळीनंतर संध्याकाळी ताट वाढले की अंगातला शर्ट फाडू लागला. रोज एक शर्ट. शेठजींचे कापडाचे दुकान होते हे आमचे भाग्य, असे नलिनीताई म्हणाल्या, तेव्हा शेठजींनाही हसू आले.

शनिवारी कोंडाबाई म्हणाल्या, "त्यो ताटाकडं बघतच न्हाई. खिडकीकडं बघतो आन मग फाडतो." नोंदवहीची पाने उलटली तर उन्हाळ्यात एकही नोंद नव्हती. जेवण बाराही महिने साडेसहाला. उन्हाळ्यात साडेसहाला ऊन असते, मार्गशीर्षात दिवे लागलेले असतात. मला एकदम उलगडा झाला. सूर्यास्तानंतर अन्न घ्यायचे नाही, हा जैनांचा नियम. पारसच्या आईने त्याला तिशीपर्यंत उजेडीच जेवू घातले होते, आणि भरती करताना शेठजींनी संकोचाने सांगितले होते की आमच्या मुलासाठी वेगळे काही नको. आम्ही सर्वांचेच जेवण साडेपाचला आणले. शर्ट फाटणे थांबले. कोंडाबाईंना उजेडात घरी जाता येऊ लागले, हा वरचा लाभ. शेठजींनी भर समितीत माझ्या विद्वत्तेची प्रशंसा केली आणि मी ती, हात जोडून का होईना, ठेवून घेतली. खिडकी कोंडाबाईंनी पाहिली होती, हे मी त्या वेळी सांगायला हवे होते.

गंगाराम आला तो त्याच्या पुढच्या वर्षी, दसऱ्यानंतर. त्याची आई हौसाबाई त्याला डिंभ्याहून घेऊन आली. बसचा भरवसा नसल्यामुळे दोघे पहाटेच निघून फाट्यावर बसली होती आणि आमच्याकडे पोहोचायला दुपार झाली. गंगाराम पंचविशीचा, उंच, खांद्याने रुंद. शब्द एकही नाही, घशातून एक हुंकार तेवढा. उजव्या घोट्याभोवती दोरीचा काळा वळ होता. मी त्याकडे पाहिले हे हौसाबाईने पाहिले. नजर न चुकवता ती म्हणाली, "बांधलं न्हाई तर पाण्यात जातो, गुरुजी. याचा बाप धरणात जाळं टाकायचा, ह्याला संगं न्यायचा. बाप गेला दुखण्यानं. ह्यो आपला रोज तराफा हुडकत पाण्याकडं पळतो. मी भातलावणीला जायाचं का ह्याच्यामागं?"

आमच्या भरतीच्या अर्जात एक ओळ होती, 'स्वतः जेवतो की भरवावे लागते'. 'स्वतः जेवतो' यापुढे मी खूण केली. कसा जेवतो, हे अर्जात नव्हते आणि मीही विचारले नाही.

पहिल्याच दुपारी त्याने पानातल्या भाताची मूठ उचलली आणि डाव्या अंगाला जोराने फेकली. ती भिंतीवर बसली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या वरणात पडली. तिसऱ्या दिवशी पुन्हा भिंत. जेवणघरातच, मुलांच्या पंक्तीसमोर, मी माझा पाट मांडून जेवत असे. मला ते पाहवेना. अन्नाविषयीची श्रद्धा माझ्या रक्तात भिनलेली. मी काळजीवाहक बुधाजींना सांगितले की त्याने पहिली मूठ उचलली की हात हलकेच पण पक्का धरायचा, आणि फेकण्याची ऊर्मी ओसरली की सोडायचा.

बुधाजी हे आमच्या कामाचा कणा होते. भीमाशंकरच्या अंगाच्या डोंगरातले, नाचणी-भाताची शेती करणाऱ्या घरातले. मितभाषी आणि बळाचे. त्यांनी माझी आज्ञा पाळली. "दम धर, गंगाराम भाऊ, दम धर राव," असे म्हणत ते त्याचा हात धरीत. चौथ्या दिवशी गंगाराम त्यांच्या दंडाला चावला. पारस त्याच्या शेजारी बसे. जे सगळे करतात ते आपणही करावे, हा त्याचा धर्म. एका दुपारी बुधाजींना यायला उशीर झाला तेव्हा गंगारामचा हात पारसने धरला. गंगारामने त्याच्या खांद्याचा असा चावा घेतला की दवाखान्यात न्यावे लागले.

शेठजी दुसऱ्या दिवशी आले. त्यांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. आपल्या मुलाचे झाले म्हणून नव्हे, उद्या दुसऱ्या कोणाचे होईल, तर इतर पालकांना काय सांगायचे, असे ते म्हणाले. समितीने ठरवले की एक महिना पाहायचे. चावणे थांबले नाही तर गंगारामला घरी पाठवायचे. घर म्हणजे दोरी, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. शेठजींनाही. बाहेर पडताना ते मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पारसचं ओळखलंत. याचंही ओळखा."

आणि येथे मी घसरलो. त्या शनिवारी सतरंजीवर बसताच मी माझाच नियम मोडला. एका माणसाच्या पायातली दोरी आपल्या हाती आहे या विचाराने मी घाई केली, असे मी पुढे अनेक दिवस स्वतःला समजावीत असे. खरे कारण त्याहून लहान आहे. मला वाटले होते की आपल्याला कळले आहे. कोंडाबाईंनी तोंड उघडण्यापूर्वी मी विवेचन केले: भूक अनावर झाली की याला क्रोधावेश येतो, आवेशात तो अन्न फेकतो, अडवले की चावतो. तेव्हा त्याला पंक्तीत बसवायचे नाही. सर्वांचे झाल्यावर समोरच्या भिंतीपाशी एकट्याला थोडे थोडे वाढायचे, आणि हात धरणे चालू ठेवायचे. सगळ्यांनी माना हलवल्या. बुधाजी काही बोलणार होते असे मला आता आठवते. की ते मी मागाहून मनात रचले आहे, हे सांगता येत नाही.

दुखणे वाढले. एकट्याला बसवल्यावर गंगाराम मूठ डावीकडे फेकण्याऐवजी पाठीमागे फेकू लागला. आता त्याचे वजन घटू लागले. दुसऱ्या आठवड्यात मीच त्याच्यासमोर बसलो आणि बुधाजींऐवजी मी त्याचा हात धरला. आपल्या स्पर्शात काही विशेष शांती असावी, असा माझा समज होता. तो चावला. मी हात काढून घेतला नाही, कारण ओढले तर अधिक फाटते हे नलिनीताईंनी शिकवले होते. त्याने दात सोडले तेव्हा त्याच्या डोळ्यांत क्रोध नव्हता. त्या डोळ्यांत काय होते ते मला त्या दिवशी वाचता आले नाही, आणि नोंदवहीत मी 'क्रोधावेश' हाच शब्द लिहिला.

तिसऱ्या शनिवारी नलिनीताईंनी नोंदवही माझ्यापुढे उघडून ठेवली. "गुरुजी, ही पानं वाचा. बुधाजींनी लिहवून घेतलेलं, कोंडाबाईंनी लिहवून घेतलेलं, मी लिहिलेलं. सगळीकडे 'क्रोधावेश'. कोंडाबाई हा शब्द घरी वापरतात का हो?"

कोंडाबाई म्हणाल्या, "मला त्यो बोलायला बी येत न्हाई."

"तीन आठवडे आपण सगळे तुमच्या डोळ्यांनी बघतोय," नलिनीताई म्हणाल्या. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या. बोलताना त्यांचा हात वहीवर घट्ट दाबलेला होता, यावरून त्यांनाही ते जड जात होते हे कळत होते. "आज तुम्ही शेवटी बोला. तुमचाच नियम आहे."

मी मान लववली आणि गप्प बसलो. इतका वेळ गप्प बसणे माझ्याकडून पाठशाळेनंतर प्रथमच घडत होते.

कोंडाबाईंनी सुरुवात केली. गंगाराम सगळेच फेकत नाही, पहिली एक मूठ फेकतो. तीही भाताची. भाकरीच्या दिवशी पहिला तुकडा मोडून तो मुठीत धरून ठेवतो आणि हात धुवायला बाहेर गेला की हौदात टाकतो. हौद साफ करताना त्यांना रोज तुकडे सापडत. "मला वाटलं, खेळतंय पोरगं. म्हनून सांगितलं न्हाई." मग नलिनीताईंनी जमिनीवर खडूने जेवणघर काढले. पंक्तीत त्याची जागा येथे, तेव्हा तो डावीकडे फेकत असे. भिंतीपाशी जागा येथे, तेव्हा पाठीमागे. दोन्ही रेघा त्यांनी पुढे वाढवल्या. दोन्ही भिंत ओलांडून बाहेरच्या हौदाला मिळाल्या.

सगळे बुधाजींकडे पाहू लागले. ते खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होते. ताईंनी दोनदा विचारल्यावर ते बोलले.

"पाण्याचा घास हाय त्यो. धरणावर जाळं टाकणारी माणसं तराफ्यावर जेवाया बसली का पयली मूठ पाण्याला देत्यात. ज्याचं खायाचं त्याला आदी. बापासंगं बसून शिकला आसंल."

नलिनीताईंनी विचारले, "बुधाजी, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

बुधाजींनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. त्यात आरोप नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. "गुरुजी सोता रोज पानाशेजारी भाताचं घास मांडत्यात, पाणी फिरवत्यात. म्हंजी त्यास्नी ठावं आसंलच. तरी बी त्ये न्हाई म्हनत्यात, तवा म्या म्हनलं, त्ये बामनाचं काम आसंल. आमच्या पोराला चालत नसंल."

वाचकांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जेवणापूर्वी पानाभोवती पाणी फिरवून उजव्या बाजूला भाताची चार-पाच शिते मांडतात. त्यांना चित्राहुती म्हणतात. जे अन्न मिळाले ते आपल्या एकट्याचे नाही, अशी ती कबुली. मुंज झाल्यापासून मी ती कधी चुकवली नव्हती. त्या दिवशी दुपारीही, या बैठकीपूर्वी दोन तास, त्याच जेवणघरात मी ती मांडली होती. आणि मांडता मांडता समोर बसलेल्या माणसाला तेच कर्म करू देऊ नका म्हणून तीन आठवडे त्याचे मनगट धरवत होतो. जैन घरचा नियम मी ओळखला, कारण तो मी ग्रंथांत वाचला होता. हा कोणत्याही ग्रंथात नव्हता. आणि ज्याला बुद्धी नाही असे सरकारी कागद म्हणत होते, त्याच्या कृतीत धर्म असेल हे माझ्या स्वप्नातही आले नाही.

माझी पाळी शेवटी आली. मी बुधाजींना एवढेच म्हणालो की ते बामणाचे काम नाही, आणि ते मला आपणहून कळायला हवे होते, पण तुमच्याकडून कळले हे बरे झाले. त्यांनी मान हलवली आणि विचारले, परात आणू की घंगाळ?

घंगाळ आणले. सोमवारी गंगारामला पुन्हा पंक्तीत, त्याच्या जुन्या जागी बसवले आणि पानाच्या डाव्या बाजूला पाण्याने भरलेले पितळेचे घंगाळ ठेवले. त्याने भाताकडे पाहिले नाही. तळहात पाण्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवून बसला. भात निवला. मग त्याने मूठ भरली, ती पाण्यात सोडली, आणि जेवू लागला. तीनदा वाढून घेतले. कोंडाबाई उंबऱ्यातून हलल्याच नाहीत.

पण ही कथा येथेच गोड झाली असे कोणी समजू नये. संध्याकाळी त्याने घंगाळ उपडे केले. दुपारचे शिळे पाणी त्यात राहिले होते आणि त्याला वाहते-ताजे हवे होते, हे कळायला दोन दिवस लागले. बुधवारी वाढायला मदत करणाऱ्या आमच्या माळ्याने घाईत घंगाळ न ठेवताच वाढले आणि त्याचे बोट चावले गेले. मोडलेला विश्वास जोडायला, मोडायला लागतो त्याहून अधिक वेळ लागतो. आमच्यापाशी आठच दिवस उरले होते. त्यांतले शेवटचे पाच दिवस नोंदवहीतला मधला रकाना कोरा गेला.

ठरल्या दिवशी हौसाबाई आली. मुलाला न्यायला बोलावले आहे, असाच निरोप तिला पोहोचला होता. जेवणघराच्या दाराशी बसून तिने पिशवी उघडली आणि मला आत काय आहे ते दाखवले. जुने लुगडे फाडून, धुऊन, त्याची तिने तीन पदरी दोरी वळली होती. "ह्यानं कातडं निघायचं न्हाई," ती म्हणाली. मी पुष्कळ शास्त्रे वाचली. त्या दोरीला काय म्हणावे हे मला एकाही शास्त्रात सापडलेले नाही.

शेठजी आले, पंक्तीच्या टोकाला उभे राहिले. पाने वाढली गेली. गंगारामने आईला पाहिले, हुंकार दिला, पण उठला नाही. त्याने भाताची मूठ घंगाळात सोडली आणि जेवू लागला. हौसाबाईच्या हातातली पिशवी खाली निसटली.

"ह्ये तुमी त्याला करू देता?" तिने विचारले. "आवं, मीच घरी मारून मोडलं व्हतं त्ये. भात पुरत न्हाई आन ह्यो पाण्यात टाकतो म्हनून. मला वाटलं, बापासंगं गेलं आसंल इसरून."

म्हणजे ती चूक मी एकट्याने केली नव्हती. पण तिच्या चुकीला उपासमारीचे कारण होते. माझ्या चुकीला कोणते होते?

शेठजी घंगाळापाशी वाकून पाहत होते. समितीचा निर्णय त्यांच्या तोंडात होता आणि सगळे त्यांच्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "गुरुजी, एक अडचण आहे. शिजलेलं अन्न असं पाण्यात राहिलं की त्यात जीव पडतात. आमच्यात ते पाप. हे सूर्यास्ताच्या आत झाडाच्या बुंध्याशी रितं झालं पाहिजे. रोज. ते कोण करील?"

एवढेच. राहू द्या, असे ते म्हणालेच नाहीत. रोज कोण करील, एवढे विचारले.

उत्तर पारसने दिले, शब्दांविना. त्याचे जेवण संपले होते. तो उठला, गंगारामचे जेवण संपेपर्यंत त्याच्याजवळ उभा राहिला आणि मग घंगाळ दोन्ही हातांनी, एक थेंब न सांडता, बाहेर फणसाच्या झाडाशी घेऊन गेला. गंगाराम त्याच्यामागून गेला. त्या दिवसापासून पुढे सहा-सात वर्षे हे काम त्या दोघांचे होते. ज्या खांद्याला गंगाराम चावला होता, त्याच खांद्यावर हात ठेवून तो झाडापर्यंत जात असे. आम्ही पगारी माणसे एकत्र बसून जो उपाय काढतो त्यात शेवटचा सांधा पुष्कळदा असा दुसराच कोणी बसवतो, हे मला त्या घंगाळाने शिकवले.

अशी आणखी प्रकरणे सांगता येतील. बरीच सुटली; काही सुटली नाहीत. एक मुलगा आपल्याच गालात मारून घेई. त्याच्या नोंदींनी दोन वह्या भरल्या आणि तरी तो काय सांगत होता हे आम्हाला अखेरपर्यंत कळले नाही. त्याची मला आजही रोज आठवण होते. पण या कामाविषयी मी निराश नाही. चार सामान्य माणसे एका सतरंजीवर बसली, खरे पाहिलेले तेवढेच बोलली आणि मोठ्याने शेवटपर्यंत तोंड मिटून ठेवले, तर बंद वाटणारी पुष्कळ दारे उघडतात. हे मी ऐकीव सांगत नाही. 'क्रोधावेश' लिहिलेली ती पाने फाडून टाकू का, असे माळ्याने एकदा आवरताना विचारले होते. मी ती राखून ठेवली, आणि नव्या काळजीवाहकांना पहिल्या दिवशी तीच वाचायला देत असे.

मी निवृत्त झाल्यावर एका पौषात डिंभ्याला गेलो. गंगाराम तोवर घरी परतला होता. चुलत्याच्या तराफ्यावर तो जाळे ओढू लागला होता आणि पाण्याकडे पळण्याची गरज उरली नव्हती, कारण पाण्यावरच त्याचा दिवस जात होता. बस दोन तास उशिरा आली, पुढे बरेच चालावे लागले. हौसाबाईच्या अंगणात पोहोचलो तेव्हा भुकेने माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. दाराशी वासरू बांधलेले होते. त्याच्या गळ्यातली दोरी तीन पदरी होती, लुगड्याची, मी ओळखली.

तिने गंगारामला आणि मला शेजारी शेजारी वाढले. गरम भात आणि वरण. माझ्यासाठी तिने मासळीची चूल वेगळी केली होती. वाफेचा वास येताच मी हात घातला आणि घास उचलला.

माझे मनगट धरले गेले. हलकेच, पण पक्के. गंगाराम माझ्याकडे पाहत होता. त्याचा अंगठा नेमका त्या सहा दातांच्या खुणेवर होता. क्षणभर मला कळेना की मी काय केले. मग पाहिले: माझ्या पानाशेजारची जमीन कोरडी होती, उजवीकडे शिते नव्हती. मुंजीपासून जे चुकवले नव्हते ते भुकेने चुकवले होते.

दोघांच्या मध्ये पाण्याचे भांडे होते. मी उचललेला घास त्यात सोडला. त्याने हात सोडला, आणि आम्ही जेवलो.